देवगडच्या आमच्या बागेची वेबसाइट गूगलला सापडत नाही, आणि सापडली तरी उघडत नाही

कलमबाग

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, तीनशेच्या आसपास कलमं. सासऱ्यांच्या काळापासून माल वाशीला दलालाकडे जातो. गेली तीन वर्षं काही पेट्या ओळखीपाळखीत थेट विकतो. त्यात चार पैसे जास्त सुटतात, म्हणून यंदा दिवाळीनंतर एकाकडून वेबसाइट करून घेतली. वर्डप्रेसवर आहे. पहिल्या पानावर बागेचे पाच मोठे फोटो आपोआप सरकत राहतात, खाली मोहोराच्या वेळी काढलेला यूट्यूबवरचा व्हिडिओ, नकाशा आणि ऑर्डरचा फॉर्म.

अडचणी दोन. 'देवगड हापूस' शोधलं तर आम्ही नाहीच, पण बागेचं नाव जसंच्या तसं टाकलं तरी नाही. दुसरी म्हणजे पुण्याच्या दिरांकडे वायफायवर साइट बऱ्यापैकी उघडते, पण कणकवलीच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं, "वहिनी, नुसतं गोल फिरतंय, तुम्ही व्हॉट्सॅपवरच भाव टाका." पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासायच्या साइटवर पत्ता टाकून बघितला. शंभरपैकी मोबाइलला २३ गुण, संगणकाला ७१.

मधेच एकाचा फोन आला. महिना आठ हजार द्या, तीन महिन्यांत पहिल्या नंबरवर आणतो म्हणाला. मार्चात पहिल्या पेट्या निघतील, आत्ता डिसेंबर आहे. पैसे द्यावेत का? मला वर्डप्रेसमध्ये शिरून मजकूर आणि फोटो बदलता येतात, तेवढंच येतं.

निळीशाई

ताई, आठ हजार तूर्त घरातच ठेवा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच आपल्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलंय. अशी हमी देणारे बरेचदा कुठून कुठून विकतचे दुवे लावून देतात. २०१२ साली गूगलने क्रम लावण्यात पेंग्विन नावाचा बदल आणला तो अशाच दुव्यांवर, आणि त्यात कितीतरी साइट एका रात्रीत खाली गेल्या.

तुमचे दोन आजार वेगळे आहेत, औषध एकच समजू नका. गूगलचा रोबो आधी दुव्यांवरून फिरत पानं वाचतो. मग वाचलेल्या पानांची सूची करतो, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी. कुणी काही शोधलं की त्या सूचीतून पानं काढून क्रम लावतो. वेग, मजकूर, दुवे यांचा विचार या शेवटच्या टप्प्यावर. बागेच्या नावानेही सापडत नाही त्याअर्थी तुम्ही सूचीतच नसाल, असा माझा अंदाज.

खात्री करून घ्या. गूगलच्या चौकटीत रोमन लिपीत 'साइट' लिहा, त्याला चिकटून कोलन, आणि जागा न सोडता तुमचा पत्ता. काहीच आलं नाही तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. तळाशी एक छोटी चौकट आहे, शोधयंत्रांनी या साइटची नोंद घेऊ नये अशा अर्थाची. तिच्यात खूण आहे का बघा.

कलमबाग

खूण होती!

साइट कोलन करून शून्य निकाल आले. लगेच सेटिंग्ज उघडली तर तळाशी ती चौकट, आत निळी बरोबरची खूण. काढली आणि जतन केलं. साइट करून देणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला काम चालू असताना अर्धवट साइट लोकांना दिसू नये म्हणून लावली होती, काढायची राहून गेली. दीड महिना आम्ही रोज गूगलवर नाव शोधून बघत होतो.

आता आपोआप दिसेल का?

निळीशाई

दिसेल, पण आपण होऊन कळवलेलं बरं. त्या खुणेमुळे प्रत्येक पानात 'नोइंडेक्स' अशी सूचना जात होती, म्हणजे वाच पण नोंदवू नकोस.

आज एवढं करा. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, त्यात साइटची मालकी सिद्ध करा. 'साइटमॅप'मध्ये तुमच्या साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीचा, पत्ता द्या. ऑगस्ट २०२०च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस तो स्वतःच तयार करतं, वेगळं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लागत नाही. मग वरच्या चौकटीत पहिल्या पानाचा पत्ता टाकून सूचीत घेण्याची विनंती करा. दोन-चार दिवस लागतात, कधी काही आठवडे. रोज विनंती करून काम लवकर होत नाही.

सागरगोटा

वाचनखूण साठवतेय. मी घरगुती मसाले विकते. शीर्षक, कीवर्ड, डिस्क्रिप्शन यात गोंधळ होतो. माझ्या साइटवर 'मेटा कीवर्ड्स'मध्ये साठ शब्द भरलेत, ते बरोबर आहे का?

निळीशाई

कीवर्ड्सचा तो रकाना रिकामा सोडा. क्रम लावताना आम्ही तो बघत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय. डिस्क्रिप्शनने क्रम बदलत नाही, पण निकालात तुमच्या नावाखाली त्या दोन ओळी बरेचदा दिसतात, म्हणून माणसाने वाचून आत यावं अशा लिहा. शीर्षक मात्र महत्त्वाचं. ताई, तुमच्या पहिल्या पानाचं शीर्षक काय आहे?

कलमबाग

बघितलं. 'होम'. दुसऱ्या पानाचं 'प्रॉडक्ट्स'.

निळीशाई

मग गूगलने काय ओळखावं? 'देवगड हापूस आंबा, थेट बागेतून पुणे-मुंबईला घरपोच' असं काहीतरी करा, पुढे बागेचं नाव. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक.

माझ्या अनुभवात नवख्यांची चूक इथेच होते. एसईओ, म्हणजे साइट शोधात वर आणणं, ही कुठेतरी मागच्या बाजूला करायची कारागिरी, असं वाटत राहतं. एक काम करा. हंगामात तुम्हाला फोनवर जे जे विचारतात ते वहीत लिहून काढा, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत.

कलमबाग

वही लागणारच नाही, पाठ आहे. पेटीत किती डझन? फळ केवढं? कच्चा देता की पिकलेला? घरी पिकवायचा कसा? कार्बाइड नाही ना? आत साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग) निघाला तर बदलून देता का? देवगडचाच कशावरून? रत्नागिरीत आणि यात फरक काय? फ्रिजमध्ये ठेवला तर चालतो का?

निळीशाई

हे तुमचे लेख. एकेका प्रश्नाला एकेक नीट उत्तर. 'घरी पिकवायचा कसा' यावर तुम्ही अढी घालायची पद्धत लिहा: पेंढा किती, थर कसे, कितव्या दिवशी उघडून बघायचं, वास कसा येतो, देठाजवळ हात लावून कसं ओळखायचं. असं लेखन आठ हजारवाला आणून देणार नाही, कारण त्याने अढी कधी घातलेली नाही. साक्याबद्दलही खरं लिहा, की बाहेरून कळत नाही आणि तुम्ही त्याचं काय करता. 'देवगडचाच कशावरून' याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं उत्तर आहे. हापूसला ते २०१८ साली मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे आहेत. तुमची नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो लावा, आणि त्यावर काय लिहिलंय ते मजकूर म्हणूनही टंका. फोटोतल्या अक्षरांवर विसंबून राहू नका.

शोधणारे तीन तऱ्हेने शोधतात: देवनागरीत, रोमन अक्षरांत मराठी, आणि सरळ इंग्रजीत 'अल्फान्सो मँगो'. एकाच पानात सगळं कोंबू नका. मराठी पान मराठीच ठेवा, इंग्रजीत वेगळं पान करा.

छापखाना

थोडं अवांतर, पण मराठी साइटवाल्यांना उपयोगी. तुमचा मजकूर कुणी श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकून दिला असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. पडद्यावर मराठी दिसलं तरी आत रोमन अक्षरांचा काला असतो, आणि गूगल वाचतं ते आतलं. आमच्या दिवाळी अंकाची कितीतरी वर्षांची पीडीएफ अशीच नेटवर पडून आहे, एकही कविता शोधून सापडत नाही. आता एकेक अंक बदलायला घेतलाय.

पानाच्या पत्त्याचंही बघा. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्याचाच पत्ता करतं. आत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही वेगळ्या धरून, नऊ रोमन चिन्हांचं होतं: तीन टक्क्याच्या खुणा (%) आणि सहा अक्षरं-आकडे. वर्डप्रेसची मर्यादा आहे अशी २०० चिन्हं. म्हणजे बावीस चिन्हांत पत्ता संपला, शीर्षक मधेच तुटतं. गूगलला देवनागरी पत्ता चालतो, पण व्हॉट्सॅपवर चिकटवला की टक्क्यांची लांबलचक माळ येते आणि लोक त्यावर बोट ठेवायला कचरतात. मी छोटा रोमन पत्ता देतो. ताई, तुमची पानं अजून सूचीत नाहीत, तर बदलायचं ते आत्ताच बदला. नंतर बदललात तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण लावावं लागेल.

पाणंद

आता वेगाचं मी घेतो. सांगलीत हेच काम करतो. कलमबाग यांनी साइटचा पत्ता व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवला होता, तासभर बसून बघितली.

पहिलं पान एकूण २६ एमबी. त्यात त्या पाच सरकत्या फोटोंचेच २४. प्रत्येक फोटो मोबाइलमधून निघाला तसा चढवलाय, ४००० बाय ३०००. फोनच्या पडद्यावर आडवे ठिपके असतात साधारण १०८०. म्हणजे ट्रकभर माल मागवून एक पेटी उतरवून घेतल्यासारखं झालं. गणित करा: २४ एमबी म्हणजे १९२ मेगाबिट. गावाकडे सेकंदाला ४ मेगाबिट मिळत असतील तर ४८ सेकंद नुसते फोटो यायला. कणकवलीचं गिऱ्हाईक थांबणार कशाला?

आणि मजकूर किती जड? देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, हजार शब्दांचा लेख धरा १८-२० केबी, तोही वाटेत दाबून जातो तेव्हा आणखी हलका. मराठीत लिहिल्याने साइट जड होते असं कुणीतरी मला एका बैठकीत सांगितलं होतं. अजिबात नाही. तुमचे सगळे लेख मिळून एका फोटोपेक्षा हलके राहतील. कितीही लिहा.

फोटोंचं असं करा. स्क्वूश नावाची साइट आहे, फुकट, फोटो तुमच्याच ब्राउझरमध्ये बारीक होतो, कुठे चढवावा लागत नाही. रुंदी १२००, प्रकार वेबपी, दर्जा ७५च्या आसपास. डावीकडे मूळ आणि उजवीकडे नवा, मधली रेघ सरकवून दोन्ही ताडून बघता येतात. आंब्याच्या देठाजवळची लाली आणि सालीवरचे ठिपके दिसतायत ना तेवढं बघा आणि थांबा. बहुतेक १५०-२०० केबीत बसेल.

सरकते फोटो काढून टाका, हे आग्रहाने सांगतो. एकच फोटो ठेवा, सगळ्यात चांगला. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत कुणी थांबत नाही, त्यांचं ओझं मात्र प्रत्येकाला पडतं. वर्डप्रेस खालचे फोटो गरज पडेल तेव्हाच आणतं, ते छान आहे. पण वरचा मुख्य फोटो तसा उशिरा येता कामा नये. तुमच्या साइटवर एक प्लगइन सरसकट सगळ्याच फोटोंना ते लावतंय, पहिल्याला वगळा.

यूट्यूबची चौकट, नुसती ठेवली तरी, बरंच जावास्क्रिप्ट ओढून आणते. तिथे व्हिडिओचं चित्र ठेवा, बोट लावल्यावर व्हिडिओ यावा. नकाशाऐवजी 'बागेचा रस्ता' असा दुवा पुरे. फॉन्टच्या पाच जाड्या मागवल्यात, साधी आणि ठळक ठेवा. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे आकार असतात, त्यामुळे एकेक फाइल रोमनपेक्षा जड.

कॅशेची, म्हणजे तयार पान साठवून ठेवून पटकन देणारी, दोन प्लगइनं चालू आहेत, एक बंद करा. दोन असली की एकमेकांच्या पायात येतात.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत असतो. उत्सुकतेने ताईंकडून पत्ता मागून घेतला आणि साइट उघडून बघितली. मला फोटो यायला वेळ लागला, पण मजकूर चटकन आला. भारतातून तोच उशिरा येतो म्हणतायत. साइट जिथे ठेवलीय तो सर्व्हर अमेरिकेत तर नाही ना?

पाणंद

बरोबर पकडलंत. होस्टिंग स्वस्तात घेतलंय आणि सर्व्हर अमेरिकेत आहे. देवगडहून निघालेली मागणी समुद्राखालून तिकडे जाऊन परत यायला प्रत्येक खेपेला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो, आणि एक पान उघडायला अशा बऱ्याच खेपा होतात. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, तर मुंबईतला सर्व्हर घ्यावा. बरेच होस्टिंगवाले पॅनेलमध्ये तो पर्याय देतात. ते जमेपर्यंत क्लाउडफ्लेअरची फुकट योजना लावा, फोटो आणि फाइली जवळच्या ठिकाणाहून जातील. दूरदेशी, आभार. इथे बसून मला ते इतकं ठळक दिसलं नसतं.

रानवाट

एक वेगळं मत. मी पाच वर्षं लिहितो आहे, माझी साइट काही फार वेगवान नाही, तरी गूगलवरून लोक येतात. मजकूर चांगला असेल तर वेगाचं एवढं मनावर घेऊ नये. गूगल वेग बघतं हे खरं का?

पाणंद

बघतं. संगणकावरच्या शोधात २०१० पासून, मोबाइलवर जुलै २०१८ पासून. २०२१ साली 'कोअर वेब व्हायटल्स' आणले. पण रानवाट यांचं म्हणणंही खरं आहे: उत्तर चांगलं असलेलं सावकाश पान, उत्तर नसलेल्या वेगवान पानाच्या वर येऊ शकतं. वेगाचा भार क्रमात थोडा. माझी तळमळ क्रमासाठी नाहीच. माणूस तुमच्या दारात आला, पैसे द्यायला तयार आहे, आणि दार उघडत नाही म्हणून परत गेला, याचं मला वाईट वाटतं.

ते तीन व्हायटल्स सांगून टाकतो. एलसीपी म्हणजे पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट, बहुधा मुख्य फोटो, दिसायला लागलेला वेळ. अडीच सेकंदांच्या आत हवा. आयएनपी म्हणजे बोट लावल्यावर पान किती चटकन प्रतिसाद देतं, २०० मिलिसेकंदांच्या आत. मार्च २०२४ पासून एफआयडी या जुन्या मोजमापाच्या जागी हा आला. आणि सीएलएस म्हणजे पान उघडत असताना मजकूर किती उड्या मारतो, ०.१च्या आत.

कलमबाग

उड्यांचं मी डोळ्यांनी पाहिलंय! सासूबाई फोनवर साइट बघत होत्या. 'ऑर्डर करा'वर बोट टेकवणार तेवढ्यात वरून सवलतीची पट्टी आली, सगळं खाली सरकलं आणि बोट पडलं नकाशावर. त्यांनी फोन ठेवून दिला, म्हणाल्या, माझ्याकडून काहीतरी बिघडलं. त्यांच्याकडून काही बिघडलं नव्हतं हे आत्ता नीट कळलं.

पाणंद

अगदी हेच ते. उपाय सोपा आहे: प्रत्येक फोटोला लांबी-रुंदी लिहिलेली असू द्या, म्हणजे ब्राउझर जागा राखून ठेवतो. पट्टी नंतर घुसवू नका, पहिल्यापासून पानातच ठेवा.

आणि त्या २३ गुणांच्या मागे लागू नका. मंद नेट आणि मध्यम फोन आहे असं मानून केलेल्या एका चाचणीचे ते गुण. खऱ्या लोकांचे आकडे त्याच पानावर वर येतात, गेल्या २८ दिवसांचे, पण तेवढी वर्दळ असेल तरच. तुमच्याकडे अजून नाही. म्हणून घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, जिथे रेंज कमी तिथे जा आणि घड्याळ लावून साइट उघडा.

कलमबाग

दहा दिवसांनी लिहिते आहे. फोटो सगळे बदलले, एकच ठेवला, फुटलेल्या मोहोराचा. व्हिडिओच्या जागी चित्र, नकाशाच्या जागी दुवा. फॉन्ट आणि प्लगइन भाच्याने करून दिलं. सर्व्हर मुंबईत हलवायला होस्टिंगवाल्याने दोन दिवस घेतले.

सासऱ्यांचा पाच वर्षांपूर्वीचा फोन घेऊन बागेच्या खालच्या कुणग्यात गेले, तिथे रेंजची एकच काडी असते. बदल करण्याआधी तिथेच मोजलं होतं: ऑर्डरचं बटण दिसायला ५३ सेकंद. आता ५. गुण मोबाइलला ८१ झालेत. कणकवलीच्या त्या गिऱ्हाइकाला मुद्दाम दुवा पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आता गोल फिरत नाही."

सर्च कन्सोलमध्ये सात पानं सूचीत आली. बागेच्या नावाने पहिले आम्हीच येतो.

सागरगोटा

कलमबाग, तुमचं वाचून मीही फोन घेऊन गच्चीत गेले. मसाल्यांचं पान, ३४ सेकंद. आजपासून फोटोंना लागते.

कलमबाग

मार्चच्या शेवटी धागा वर काढते आहे, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. 'देवगड हापूस'ला आम्ही अजून चौथ्या पानावर आहोत. पण सर्च कन्सोलमध्ये लोक काय शोधून येतात ते दिसतं, त्यात सगळ्यात वर आहे 'आंबे घरी कसे पिकवायचे' आणि त्याचीच रोमन रूपं. अढीचा लेख. तो लिहायला मला एक दुपार लागली, सासूबाई सांगत गेल्या तसा टंकला. त्या लेखावरून आलेल्या अकरा जणांनी पेट्या मागवल्या, त्यातला एकही ओळखीचा नव्हता.

आता प्रश्न असा: जूनमध्ये हंगाम संपला की ऑर्डरचं पान काढून टाकू का? उगाच कुणी मागणी नोंदवायला नको.

निळीशाई

काढू नका. पान काढलंत तर त्या पत्त्याने वर्षभरात कमावलेलं सगळं जाईल आणि पुढच्या मार्चात पुन्हा पहिल्यापासून. पत्ता तोच ठेवा, त्यात सालही घालू नका. जूनमध्ये फक्त फॉर्म बदला: हंगाम संपला, पुढच्या वर्षीच्या पहिल्या पेट्यांसाठी नाव आणि नंबर ठेवा.

कलमबाग

पत्त्याच्या शेवटी साल घातलेलं आहे. आजच बदलते, आणि छापखाना म्हणाले तसं जुन्यावरून वळण लावते.